नवी गाडी बांधावर आणि जुनी वाशीला, इथेच गफलत आहे

प्रश्न : आम्ही जुन्नर तालुक्यात राहतो. टोमॅटो, कांदा आणि थोडा ऊस आहे, आणि घरच्या दोन डिझेल पिकअप आहेत. पहिली २०१७ च्या दिवाळीत घेतलेली बीएस ४, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या सरकारी मानकांची. तिने आजवर कधी रस्त्यात सोडले नाही. दुसरी २०२३ च्या दसऱ्याला घेतलेली बीएस ६, म्हणजे नव्या, कडक मानकांची. गाड्या माझे पती आणि धाकटे दीर चालवतात, हिशेब मी ठेवते. जुनी गाडी भरवशाची म्हणून ती वाशीच्या मार्केटला जाते आणि नवी गाडी शेतातून नारायणगावच्या टोमॅटो बाजारात खेपा करते. एक खेप पाच-सहा किलोमीटरची असते. क्रेट भरताना ती चालूच ठेवावी लागते, कारण बंद केली तर सेल्फ लवकर उचलत नाही. गेल्या दहा महिन्यांत तिचा फिल्टरचा दिवा तीन वेळा लागला आणि एकदा भरल्या मालासह गाडी ओढेनाशी झाली. वर्कशॉपमध्ये दर वेळी ‘रिजनरेशन’, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळून सफाई, करून बिल लावतात. दिरांच्या ओळखीचा मिस्त्री म्हणतो की डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा हा फिल्टरच, कापून टाकू आणि कॉम्प्युटरमधून त्याचे नावच पुसून टाकू. पतींच्या मते ही गाडी विकून आणखी एक जुनी बीएस ४ घ्यावी. शेजारी सांगतात की निळ्या झाकणाच्या टाकीत घालायचे द्रावण आपल्या युरियाच्या पोत्यातून घरीच तयार होते. समाधान एवढेच की नवे इंजिन ऑइल मुळीच खात नाही. उलट पट्टीवर ते खुणेच्या थोडे वरच दिसते. आम्ही काय करावे?
एक वाचक, तालुका जुन्नर

उत्तर : ताई, तुम्ही जे वाक्य समाधान म्हणून शेवटी लिहिले आहे, तेच मला सगळ्या पत्रात सर्वांत चिंतेचे वाटले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. इंजिनात ऑइल आपोआप वाढत नाही. पट्टीवर पातळी चढलेली दिसते तेव्हा त्यात दुसरे काहीतरी मिसळलेले असते, आणि तुमच्या गाडीच्या बाबतीत ते बहुधा डिझेल आहे. पट्टी बाहेर काढून तिचा वास घ्या आणि ऑइलचा एक थेंब दोन बोटांमध्ये चोळून पाहा. डिझेलचा वास येत असेल आणि ऑइल पाण्यासारखे पातळ लागत असेल, तर पुढची खेप करण्याआधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून घ्या. डिझेलने पातळ झालेले ऑइल टर्बोला (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याला) आणि बेअरिंगना हवे तसे वंगण देऊ शकत नाही. टर्बो गेला तर जो खर्च येईल, त्यापुढे आजवरची तिन्ही बिले किरकोळ वाटतील.

हे डिझेल ऑइलमध्ये गेले कसे, हे समजले की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरेही त्यातूनच निघतात. बीएस ६ ची मानके देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. तुमच्या पिकअपसारख्या वजनदार पण साडेतीन टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला बीएस ४ मध्ये एका किलोमीटरमागे ६० मिलिग्रॅम सूक्ष्म कण सोडण्याची मुभा होती, ती बीएस ६ मध्ये ४.५ मिलिग्रॅमवर आली, म्हणजे सुमारे तेरावा हिस्सा. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ३९० मिलिग्रॅमवरून १२५ वर आली. इंजिनाच्या आतल्या सुधारणांनी एवढी घट साधत नाही, म्हणून धुराच्या वाटेवर नवी साधने बसवावी लागली. कणांसाठी डीपीएफ आले आणि नायट्रोजन ऑक्साइडसाठी निळ्या टाकीतले द्रावण वापरणारी यंत्रणा आली. (काही लहान गाड्यांत द्रावणाशिवाय चालणारा वेगळा सापळा असतो, तुमच्या गाडीला निळे झाकण आहे, त्यामुळे तो विचार इथे नको.)

डीपीएफ म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी घरे असलेले सिरॅमिकचे एक नळकांडे. त्यातली घरे एकाआड एक बाजूंनी बंद केलेली असल्यामुळे धुराला भिंतीतूनच पलीकडे जावे लागते आणि काजळी भिंतीवर अडकून राहते. ती साठतच राहिली तर वाट बुजेल, म्हणून ती वेळोवेळी जाळावी लागते. गाडी भरलेली असेल आणि एका लयीत लांब धावत असेल, तर धुराच्या स्वतःच्या उष्णतेने बरीचशी काजळी चालता चालताच जळते आणि चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. तेवढे पुरले नाही तर कॉम्प्युटर स्वतः हालचाल करतो. तो सिलिंडरमध्ये जरा उशिराने थोडे जास्तीचे डिझेल सोडतो. ते पुढे धुराच्या मार्गात जळते, तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि काजळी जळून जाते. या कामाला साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ इंजिन बंद होता कामा नये.

आता तुमची खेप डोळ्यांसमोर आणा. थंड इंजिन सुरू होते, बांधावर अर्धा-पाऊण तास उभ्यानेच घरघरत राहते, मग पाच-सहा किलोमीटर जाऊन बाजाराच्या रांगेत पुन्हा उभे राहते आणि शेवटी बंद होते. उभ्या इंजिनाच्या धुरात काजळी जाळण्याइतकी उष्णता नसते. कॉम्प्युटर जास्तीचे डिझेल सोडून सफाईला सुरुवात करतो आणि ती अर्ध्यावर असतानाच दीर किल्ली फिरवतात. पुढच्या खेपेला तेच, आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. उशिरा सोडलेल्या त्या डिझेलचा काही भाग न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरतो आणि ऑइलमध्ये मिसळतो. दिवा लागणे, गाडी न ओढणे आणि ऑइल वाढणे या तुमच्या तीन तक्रारींचे मूळ बहुधा हे एकच आहे.

माझ्या मते तुमच्या घरात बिघडली आहे ती गाड्यांची वाटणी. जिला तापायला लांबचा रस्ता लागतो ती नवी गाडी तुम्ही बांधावर बांधून ठेवली आहे, आणि जिच्यात काजळीची जाळीच, म्हणजे डीपीएफच, नाही, जी दहा वेळा बंद-चालू केली तरी तक्रार करणार नाही, ती जुनी गाडी वाशीला पळवता आहात. भरवशाची म्हणून जुनी लांब पाठवावी, हा विचार बीएस ४ च्या काळापर्यंत अगदी बरोबर होता आणि त्यासाठी मी तुमच्या पतींना दोष देणार नाही. पण या दोन गाड्यांची कामे आता अदलाबदल करा. माळशेजमार्गे वाशी तुमच्याकडून दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते. जाताना भरलेली गाडी, येताना रिकाम्या गाडीला घाटाचा चढ. आठवड्यातून अशा दोन फेऱ्या झाल्या तरी जाळीची सफाई बहुतेक वेळा वाटेतच उरकेल.

टोमॅटोच्या हंगामात दोन्ही गाड्या बांधावरच लागतात असे दिवस येतील, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी फिल्टरचा पिवळा दिवा लागला आणि तो स्थिर असेल, तर त्याच दिवशी गाडी पुणे-नाशिक महामार्गावर घ्या आणि आळेफाट्याच्या पुढपर्यंत जाऊन या. वीस ते तीस मिनिटे, ताशी पन्नास-साठच्या वेगाने, शक्य तर एक गिअर खालचा ठेवून, म्हणजे इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या वर राहील. थांबल्यावर पंखा जोरात फिरत असेल, इंजिनाची न्यूट्रलमधली रेस नेहमीपेक्षा किंचित चढलेली असेल किंवा गरम लोखंडाचा वास येत असेल, तर सफाई अजून सुरू आहे असे समजा आणि ती पुरी होईपर्यंत किल्लीला हात लावू नका. दिवा लुकलुकत असेल किंवा त्याच्या जोडीला इंजिनाचाही दिवा लागला असेल, तर मात्र महामार्गाचा उपाय करू नका. जाळी फार भरलेली असताना तो धोक्याचा ठरू शकतो, तेव्हा सरळ वर्कशॉप गाठा. तुमच्या मॉडेलमध्ये हे दिवे नेमके काय सांगतात ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. ते पान दिरांना एकदा मोठ्याने वाचायला लावा.

एक सावधगिरी शेतकऱ्याच्या घरात आवर्जून सांगावी लागते. सफाई सुरू असताना किंवा नुकतीच झालेली असताना गाडी उसाच्या पाचटावर, वाळल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी करू नये. सायलेन्सरचा तो भाग पाचट पेटवण्याइतका तापलेला असतो.

सेल्फ उचलत नाही म्हणून इंजिन चालू ठेवणे हा तर सर्वांत महागडा काटकसरीचा मार्ग झाला. बॅटरी तपासून घ्या, तिच्या तारांची टोके साफ करून आवळून घ्या आणि गरज असेल तर बॅटरी बदला. बांधावर इंजिन बंद राहू लागले की काजळी कमी होईल, डिझेल वाचेल, आणि आणखी एक गोष्ट साधेल जिच्याविषयी तुम्ही काही विचारलेले नाही. क्रेट भरायला गाडीच्या मागे कोण उभे असते? बहुतेक ठिकाणी तुम्ही आणि तुमच्याबरोबरच्या बायकाच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. जुनी गाडी आता बांधावर येणार असल्यामुळे हे अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण तिचा धूर कसल्याही जाळीतून गाळला जात नाही. ती भरताना बंदच असली पाहिजे.

यातूनच मिस्त्रींच्या सल्ल्याकडे येतो. डीपीएफ कापून टाकल्यावर दिवा लागणार नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. घरातला विजेचा मीटर काढून टाकला तर बिलही येणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत असा मूळ नोंदीशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंतचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवाना अपात्र होण्याची तरतूद वेगळी आहे. यात मिस्त्रींचे नाव कुठेही येत नाही, मालकाचे येते, हे दिरांना सांगा. शिवाय कॉम्प्युटरमधला मूळ प्रोग्राम पुसून कुठलातरी उतरवून घेतलेला प्रोग्राम भरला की पुढे इंजिनाच्या कोणत्याही बिघाडाचा माग काढणे कठीण होते. अशा गाड्या माझ्याकडे दुरुस्तीला आल्या तेव्हा स्कॅनर लावूनही अर्धी माहिती खोटी निघत असे, आणि मूळ स्थितीत आणायला लागलेला खर्च मालकाला सांगताना मलाच संकोच वाटत असे. जाळी काढून तेजाबाने किंवा जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन देतो म्हणणाऱ्यांनाही लांब ठेवा. आतल्या भिंतीवरचा धातूंचा लेप गेला की ते नळकांडे नुसते सिरॅमिकचे तुकडे उरते.

युरियाचे पोते. हा मोह समजण्यासारखा आहे, कारण निळ्या टाकीतले द्रावण म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षाररहित शुद्ध पाणी, एवढेच. गरम धुरात त्या युरियाचा अमोनिया होतो, ओल लागलेले पोते उघडताना नाकाला झोंबतो तोच, आणि तो नायट्रोजन ऑक्साइडशी मिळून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ तयार करतो. परंतु तुमच्या घरातला ४५ किलोच्या पोत्यातला युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला आहे. देशात शेतीसाठी तयार होणाऱ्या युरियाला २०१५ पासून असा लेप देणे बंधनकारक केले आहे. जमिनीत नत्र हळूहळू मिळावे म्हणून दिलेला तो लेप आणि शेतीच्या युरियातली इतर अशुद्धी मिळून द्रावणाचा पंप, फवारणीचे बारीक छिद्र आणि पुढचा कॅटॅलिस्ट यांची वाट लावतात. बोअरच्या पाण्यातले क्षार राहिलेले काम पूर्ण करतात. अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे तो आहेच.

आणि वाचणार किती? शंभर लिटर डिझेलमागे हे द्रावण साधारण तीन ते पाच लिटर लागते. आयएसओ २२२४१ असे छापलेले सीलबंद कॅन घ्या, आणि ते पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. तीस अंशांच्या आत ठेवलेले द्रावण वर्षभर टिकते, पस्तीस अंशांत सहा महिने, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त तापते. ज्या नरसाळ्याने डिझेल ओतता ते यासाठी वापरू नका. झाकणाभोवती पांढरे खडे जमले तर घाबरायचे कारण नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्या. चुकून हे द्रावण डिझेलच्या टाकीत किंवा डिझेल निळ्या टाकीत गेले, तर गाडी सुरू करून पाहण्याचा प्रयोगही करू नका. चावी न लावता उचलून न्या. टाकी पार रिकामी होऊ दिली तर गाडीची ताकद कमी होते किंवा ती पुन्हा सुरूच होत नाही, आणि तो बिघाड नसून मुद्दाम केलेली योजना आहे.

ऑइलविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण शेतकऱ्याच्या घरात ट्रॅक्टरसाठी आणलेला ऑइलचा मोठा डबा असतो आणि तोच सगळ्या इंजिनांना पुरवला जातो, म्हणून लिहितो. काजळी जळते, राख जळत नाही. ऑइलमधल्या रसायनांची राख जाळीत कायमची साठते आणि कोणत्याही रिजनरेशनने ती जात नाही. म्हणून नव्या गाडीला पुस्तिकेत लिहिलेले कमी राखेचे ऑइलच हवे, मग ते महाग का असेना. योग्य ऑइल असेल तर राखेमुळे जाळी उतरवून साफ करण्याची वेळ साधारणपणे लाख किलोमीटरच्या पुढे येते. डिझेलचेही तसेच आहे. पंपावरचे बीएस ६ डिझेल गंधकाच्या बाबतीत बीएस ४ च्या ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर आलेले आहे आणि पुढची सगळी यंत्रणा त्याच्याच भरवशावर उभी आहे. रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून विकले जाणारे स्वस्त तेल किंवा गंजलेल्या पिंपातले डिझेल या गाडीत जाता कामा नये. टाकी सतत रिझर्व्हवर ठेवून पाचशे-पाचशे रुपयांचे डिझेल भरण्याची सवय असेल तर तीही मोडा, कारण अनेक गाड्यांत डिझेल फार कमी असताना कॉम्प्युटर सफाई सुरूच करत नाही.

पतींचा विचार, म्हणजे ही विकून आणखी एक जुनी घेण्याचा, मी सरसकट चूक म्हणणार नाही. तुमच्याकडे फक्त बांध ते बाजार एवढेच काम असते तर मीच सांगितले असते की बीएस ६ डिझेल तुमच्यासाठी नाही, सीएनजीवर चालणारी पिकअप किंवा छोटे विजेवरचे वाहन पाहा. गाडी विकणाऱ्याने तुम्हाला एका खेपेचे अंतर विचारायला हवे होते. ते सहसा कोणी विचारत नाही. परंतु तुमच्याकडे वाशीची फेरी आहे, म्हणजे या गाडीला साजेसे काम घरातच आहे. उलट नव्याने घेतलेली बीएस ४ आज सहा-सात वर्षांहून जुनीच मिळेल, आणि आठ वर्षे पूर्ण झालेल्या मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते. घरातली पहिली गाडी त्या वयाला आलीच आहे. दोन्ही गाड्या एकदमच म्हाताऱ्या कशाला करायच्या?

वर्कशॉपमध्ये पुढच्या वेळी नुसते रिजनरेशन करून गाडी परत घेऊ नका. स्कॅनरवर जाळीतल्या काजळीचे प्रमाण आधी किती होते आणि नंतर किती उरले, आणि मागची पूर्ण सफाई किती किलोमीटरपूर्वी झाली होती, हे आकडे बिलावर लिहून मागा. हिशेब तुम्ही ठेवता, तेव्हा ही वही तुमच्याकडेच असू द्या. कामाची अदलाबदल केल्यानंतरही दिवा पुन्हा आठ-पंधरा दिवसांत लागला, तर दोष वापरात नाही असे धरून डिझेल फवारणारे इंजेक्टर, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह, टर्बोचा हवेचा पाइप आणि जाळीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा सेन्सर, या क्रमाने तपासणी करायला सांगा. ते न पाहता कोणी नवी जाळी घालायला सांगत असेल, तर तुम्ही दुसऱ्या वर्कशॉपचे मत घ्या.

आता लगेच करायचे ते ऑइल. बदलल्यानंतर गाडी सपाट जागेवर, थंड इंजिनात, पट्टीवरची पातळी पाहून वहीत तारखेसह नोंदवा. मग वाशीच्या तीन-चार फेऱ्या होऊन हजारेक किलोमीटर झाले की त्याच जागी, सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, पुन्हा पाहा. त्या दोन नोंदी मला कळवा. पातळी चढलेली नसेल तर मिस्त्रींना फोन करण्याची गरज उरणार नाही, आणि चढलेली असेल तर आपण इंजेक्टरपासून पुढे बोलू.